आकडे कुणी लावले?

गेल्या महिन्यातली गोष्ट आहे. दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी, म्हणून मनूला घेऊन आयुकाला, पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, गेले होते, शाळेतल्या मुलांसाठी तिथे व्याख्यान असतं ते ऐकायला. विषय होता आपल्या अंगातली मूलद्रव्यं आली कुठून, आणि बोलणारा मुलगा (मुलगाच, तिशीचा असेल जेमतेम) इतकं छान बोलला की एरवी चुळबूळ करणारी पोरं अगदी गप्प बसून ऐकत होती. नंतर त्या कुंडापाशी, आर्यभट आणि न्यूटनच्या पुतळ्यांजवळ थोडा वेळ रेंगाळलो आणि मग चालत बाहेर बसस्टॉपपाशी आलो. ऊन रणरणत होतं, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता, दोघींनी एकेक ग्लास रस घेतला. मनू ग्लासातला बर्फ बोटाने खाली दाबायची, तो परत वर यायचा, परत दाबायची. आणि तसं करता करताच, वर न बघता म्हणाली, "आई, ते दादा म्हणाले ना की आकडे बरोबर जुळले म्हणून कार्बन झाला, नाहीतर आपण नसतोच. मग ते आकडे लावले कुणी?"

मी म्हटलं, "चल पटकन, बस आली."

बस आली नव्हती.

लेकीला खोटं सांगून प्रश्न टाळला याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त खुपला तो तिचा शब्द. आकडे लावले. मनूला माहीत नाही की नऊ वर्षांपूर्वी हाच शब्द मी रोज ऐकायचे, सकाळ-दुपार-रात्र, आणि त्याच्यावर माझा जीव टांगलेला असायचा. त्या दिवसापासून भाजी चिरताना, बँकेत कुणाचं पासबुक प्रिंट करताना, रात्री दिवा बंद केल्यावर, ते वाक्य परत परत येतंय. म्हणून एकदा लिहून काढायचं ठरवलं.

मनू तिसाव्या आठवड्यात झाली. वजन 1240 ग्रॅम. किराणा दुकानात सव्वा किलो साखर तोलतात तेव्हा अजूनही माझं लक्ष त्या काट्याकडे जातं. पहिल्यांदा एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नेलं तेव्हा काचेच्या पेटीत ती दिसली, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजता याव्यात, कानाची पाळी एकदा दुमडली की तशीच राहायची, परत सरळ व्हायची ताकद त्या पाळीत अजून आली नव्हती. सिस्टर हलक्या बोटाने ती सरळ करायच्या. पेटीच्या कडेला आकडे होते. आतलं तापमान, आतली आर्द्रता, ऑक्सिजन किती टक्के. आणि शेजारच्या मॉनिटरवर हृदयाचे ठोके आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण. सॅच्युरेशन 90 च्या खाली गेलं की अलार्म वाजायचा, आणि 95 च्या वर गेलं तरी वाजायचा, हे मला पहिले दोन दिवस कळेचना. मला वाटायचं जास्त ऑक्सिजन म्हणजे चांगलंच ना. मग डॉक्टरांनी समजावलं की कमी पडला तर मेंदूला धोका आणि जास्त झाला तर डोळ्याच्या पडद्याला, या मुलांना दोन्ही सोसत नाही. मधली पट्टी तेवढी त्यांची. तापमानाचं तसंच, थोडं गार झालं की ती अंगातली सगळी ताकद ऊब टिकवायला घालवणार आणि वजन वाढणार नाही, जास्त गरम झालं तर श्वास बिघडणार.

मध्येच ती श्वास घ्यायची विसरायची. खरंच विसरायची, हाच शब्द वापरतात तिथे. त्यासाठी कॅफिनचं औषध चालू होतं, आणि तरी विसरली तर सिस्टर तळपायाला टिचकी मारायच्या, की पुन्हा छाती हलायला लागायची. रात्रपाळीच्या सिस्टर सोलापूरकडच्या होत्या, फार बोलायच्या नाहीत, पण मी काचेला कपाळ टेकून उभी दिसले की जवळ यायच्या. एकदा मी विचारलं, आता कशी आहे हो? तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही आकडे लावून देतो ताई. श्वास तिचा तिलाच घ्यायचाय."

हे वाक्य मी नऊ वर्षं सांभाळून ठेवलंय.

सव्विसाव्या दिवशी सकाळी गेले तर ऑक्सिजनच्या जागी 21 दिसत होतं. आदल्या रात्री 23 होतं. सिस्टर ड्युटी संपवून निघायच्या घाईत होत्या, जाता जाता हसून म्हणाल्या, रूम एअरवर आणली बघा तुमची पोरगी. रूम एअर, म्हणजे साधी हवा, जी मी श्वासात घेत होते, वॉचमन घेत होता, खाली रिक्षावाले घेत होते तीच. मी बीएस्सी फिजिक्स केलंय, हवेत 21 टक्के ऑक्सिजन हे शाळेपासून पाठ आहे, पण तो आकडा त्या दिवशी पहिल्यांदा खरा वाटला. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले आणि नुसती श्वास घेत राहिले. फिनेलचा वास होता, कँटीनच्या चहाचा होता, आणि अंगणातल्या बुचाच्या झाडाखाली पांढरी फुलं पडली होती त्यांचा. मनात आलं की आता हे सगळंच तिची पेटी झालं. ही केवढी मोठी पेटी, आणि इथेसुद्धा कुणीतरी बरोबर 21 वर काटा आणून ठेवलाय.

पुढे घरी आल्यावर, ती रात्री-अपरात्री उठवायची तेव्हा मांडीवर घेऊन मी मोबाइलवर वाचत बसायचे, तेव्हा कळलं की त्या 21 चं कोडं इतकं अवघड नाहीये. पृथ्वी झाली तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. समुद्रातल्या अगदी बारीक, हिरव्या-निळ्या जिवाणूंनी उन्हावर जगताना तो बाहेर टाकला, साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचायला लागला, आणि तेव्हाच्या कित्येक जिवांसाठी तो विषच होता. जे त्याच्याशी जुळवून घेऊ शकले त्यांची आपण वंशावळ. म्हणजे हवा आपल्या मापाची शिवलेली नाही, आपण हवेच्या मापाचे झालो. वर्षानुवर्षं घातलेली चप्पल पायाला बसते तसं. बऱ्याच गोष्टींचं असंच आहे, आणि हे कळल्यावर मला थोडं हिरमुसल्यासारखं झालं होतं हेही खरं.

पण कार्बनचं तसं नाही. कार्बन व्हायच्या आधी जुळवून घ्यायला कुणी नव्हतंच.

मनूला व्याख्यानात जे ऐकायला मिळालं ती फ्रेड हॉईल या खगोलशास्त्रज्ञाची गोष्ट, आपल्या जयंत नारळीकर सरांचे केंब्रिजमधले गुरू. ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनपासून हेलियम होतं, इथपर्यंत ठीक. पुढे दोन हेलियम एकमेकांना भिडले की बेरिलियम होतं, पण ते टिकतच नाही. एका सेकंदाचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे परत शंभर कोटी भाग करा, साधारण तेवढ्या वेळात ते फुटून परत दोन हेलियम. तेवढ्यात तिसरा हेलियम येऊन धडकला तरच कार्बन. दहा कोटी अंश तापमानात असे धक्के सतत बसत असतात, तरीसुद्धा साध्या हिशोबाने कार्बन अगदीच नगण्य व्हायला हवा. आणि आपल्या आजूबाजूला तर कार्बनच कार्बन आहे, कोळशात, लाकडात, पिठात, रक्तात. हॉईलनी उलटा विचार केला. कार्बन आहे म्हणजे तो होत असणार, आणि होत असेल तर कार्बनच्या अणुकेंद्रात एक विशिष्ट ऊर्जेची पातळी असलीच पाहिजे, बेरिलियम आणि हेलियम यांच्या एकत्र ऊर्जेच्या किंचित वर. झोक्याचं कसं असतं, बरोबर लयीत ढकललं तर एका बोटाने झोका चढतो, लय चुकली तर दोन माणसं लावून उपयोग नाही. ती लय जुळवणारी पातळी. 1953 साली ते कॅलिफोर्नियात गेले होते, तिथे विली फाउलर यांच्या प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी सांगितलं की अमुक इतक्या ऊर्जेवर शोधा. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग वॉर्ड व्हेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला आणि ती पातळी सापडली, आज तिचा आकडा 7.65 एमईव्ही (अणुकेंद्रातली ऊर्जा मोजायचं एकक) असा देतात.

आणि गोष्ट इथे संपत नाही. झालेल्या कार्बनवर आणखी एक हेलियम आपटला की ऑक्सिजन होतो. इथेही लय जुळली असती तर सगळा कार्बन भराभर ऑक्सिजन होऊन गेला असता. पण ऑक्सिजनच्या केंद्रातली जवळची पातळी 7.12 वर आहे आणि कार्बन-हेलियमची एकत्र ऊर्जा 7.16, म्हणजे थोडक्यात चुकते. एकीकडे बरोबर जुळायला हवं होतं तिथे जुळलं, दुसरीकडे चुकायला हवं होतं तिथे चुकलं, म्हणून ताऱ्यांच्या राखेत कार्बनही उरला आणि ऑक्सिजनही. माणसाच्या वजनात साधारण 18 टक्के कार्बन असतो. मनू आता 27 किलोची आहे, म्हणजे जवळजवळ पाच किलो कार्बन. तो सगळा त्या 7.65 च्या दारातून आलाय, आपला सूर्य पेटायच्या आधी, कुठल्यातरी म्हाताऱ्या ताऱ्याच्या पोटातून.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ही कथा सांगताना लोक ती गाळतात. 1953 मध्ये हॉईल काही जीवसृष्टीचा विचार करत नव्हते, त्यांना ताऱ्यांमध्ये मूलद्रव्यं कशी होतात हे सोडवायचं होतं, 'आपण आहोत म्हणून ही पातळी असणार' हा अर्थ तिला नंतर चिकटला. आणि तो आकडा लोक सांगतात तितका केसाच्या टोकावरही उभा नाहीये. 1989 साली काही शास्त्रज्ञांनी गणित करून दाखवलं की ती पातळी 0.06 एमईव्हीने वर सरकली असती तरी फार काही बिघडलं नसतं. त्याच्या चार-पाच पट सरकली असती तर मात्र कार्बनचं काही खरं नव्हतं. म्हणजे पट्टी आहे, अगदी 90 ते 95 सारखी, अरुंद आहे पण आहे. हॉईल स्वतः देव मानणाऱ्यातले नव्हते, तरी पुढे पुढे तेच म्हणायला लागले की हे बघून यामागे कुणाची तरी बुद्धी असावी असं वाटतं. मला त्या माणसाबद्दल फार जिव्हाळा वाटतो. ज्या आकड्याचा अंदाज स्वतः केला तोच आकडा आयुष्यभर मागे लागला.

बँकेत वीस वर्षं काढल्यामुळे असेल, मला हे प्रश्न खतावणीसारखेच दिसतात. कॅशला बसायचे तेव्हा संध्याकाळी टॅली व्हायची. दहा-वीस रुपयांचा फरक आला तर आपण नोटा परत मोजतो, एंट्री तपासतो, सापडतो. पण समजा एका बाजूला कोट्यवधी रुपये जमा आणि दुसऱ्या बाजूला कोट्यवधी नावे, आणि दोन्ही वजा करून खाली उरला एक पैसा, तर कुठलाही ऑफिसर म्हणणार की याच्यामागे काहीतरी कारण आहे, शोधा. विश्वाच्या हिशोबात असाच एक पैसा आहे. रिकाम्या अवकाशाची स्वतःची जी ऊर्जा असते, तिचा साध्या सिद्धांताने काढलेला अंदाज आणि प्रत्यक्षातला आकडा यांच्यात जवळपास 120 शून्यांचा फरक येतो. कुठेतरी प्रचंड रकमा एकमेकींना खाऊन टाकतायत आणि अगदी नाममात्र शिल्लक उरतेय. ही शिल्लक खूप मोठी असती तर विश्व इतक्या वेगाने फाकलं असतं की दीर्घिका जमल्याच नसत्या. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी 1987 मध्ये याच वाटेने विचार करून सांगितलं होतं की ती शिल्लक दीर्घिका होऊ देईल इतकी लहान असणार, पण अगदी शून्यच असली पाहिजे असं काही कारण नाही. 1998 मध्ये लांबच्या ताऱ्यांचे स्फोट मोजताना ती खरोखरच सापडली, लहानशी, पण शून्य नाही. कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. आमच्याकडे ज्या नोंदीचं काय करायचं ते कळत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. पण सस्पेन्सला टाकलेलं विसरायचं नसतं, ती नोंद रोज समोर येते, तिचा निकाल लावेपर्यंत तुमच्या नावावर असते.

आता जे सांगायचंय ते इतका वेळ मी लांबवत होते.

मनूच्या शेजारच्या पेटीत एक मुलगा होता. तिच्या बरोबरीचाच, आठवड्याभराने लहान. त्याची आई मंचरकडची, बावीस-तेवीसची असेल, कपाळावर गोंदण, हातातल्या हिरव्या बांगड्या आत जाताना काढायला लागायच्या म्हणून रोज रुमालात बांधून ठेवायची. आम्ही दोघी त्या छोट्या खोलीत शेजारी बसून वाटीत दूध काढायचो, दोन-दोन मिली नळीने जायचं पोरांना, तेवढंसुद्धा कधी निघायचं नाही आणि मग आम्ही एकमेकींकडे बघायचो. तिच्या घरून ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यायची, ती मला अर्धी द्यायची. मला ताई म्हणायची. मी तिला मॉनिटर वाचायला शिकवलं, हा वरचा ठोक्यांचा, हा खालचा सॅच्युरेशनचा. ती दोन दिवसांत माझ्यापेक्षा पटकन वाचायला लागली.

अकराव्या रात्री तो गेला. इन्फेक्शन होतं रक्तात. सकाळी मी पोचले तेव्हा पेटी उघडी होती आणि मावशी स्पिरिटने आतून पुसत होत्या.

आकडे दोन्ही पेट्यांवर सारखेच होते. तीच सिस्टर, तोच हात, तीच काळजी.

या मुद्द्यापाशी मी अडकते, दरवेळी. बारशाला घर भरलेलं होतं आणि कुणीतरी आजी मनूची अलाबला घेऊन म्हणाल्या, देवाने हिच्यासाठी बघा कसं सगळं जुळवून आणलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझे डोळे भरून आले आणि तरी मला हो म्हणता येईना, कारण मी हो म्हटलं की मंचरच्या त्या घरासाठी काय म्हणायचं? तिथे जुळवून आणायचं नव्हतं असं? सासूबाईंनी नवस बोलला होता, तो फेडायला मी त्यांच्याबरोबर गेले, हात जोडले, आणि ते खोटं नव्हतं, मनापासून जोडले होते. कुणाला जोडले ते मला आजही सांगता येत नाही. पण कुणीतरी 'हा निव्वळ योगायोग' असं म्हटलं असतं तर तेही मला सहन झालं नसतं, 1240 ग्रॅमच्या त्या जिवाकडे एक महिना बघितल्यावर.

ब्रँडन कार्टर नावाचे एक शास्त्रज्ञ आहेत. कोपर्निकसच्या जन्माला पाचशे वर्षं झाली म्हणून 1973 साली पोलंडमध्ये क्राकोवला परिषद भरली होती, तिथे त्यांनी एक मुद्दा मांडला. आपण केंद्रस्थानी नाही हे कोपर्निकसने शिकवलं ते बरोबरच, पण म्हणून आपली जागा कुठलीही, कशीही आहे असं होत नाही. आपण जे काही बघू ते आपल्या असण्याशी जुळणारंच असणार. जिथे कार्बन झाला नाही तिथे कार्बन का झाला नाही हे विचारायला कुणी नसतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला यात नवीन काय ते कळलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण मला ती पुसलेली पेटी दिसली. प्रश्न विचारायला जे उरतात तेच विचारतात. मनू बसस्टॉपवर उभी राहून विचारू शकते की आकडे कुणी लावले. शेजारच्या पेटीतला नाही विचारू शकत.

आकडा लावणे म्हटलं की मला आणखी एक आठवतं. लहानपणी आम्ही परळला चाळीत राहायचो. गिरण्या बंद पडल्या होत्या आणि आमच्या मजल्यावरचे एक काका मटक्याचा आकडा लावायचे, रोज. एकदा त्यांची जोडी लागली. शंभरात एक. काकांनी चाळभर पेढे वाटले, काकूंना साडी आणली, आणि ती जोडी त्यांना कशी सुचली, स्वप्नात काय दिसलं, सकाळी दारात कुठली गाय आली, हे पुढे कितीतरी वर्षं सांगितलं जायचं. मी ती गोष्ट इतक्यांदा ऐकलीये की ती गाय मला पाठ आहे. काकांनी आधी अकरा वर्षं रोज आकडा लावला आणि लागला नाही, काकूंचं मंगळसूत्र दोनदा गहाण पडलं, ते कुणीच सांगितलं नाही. ते मला मोठी झाल्यावर काकूंनी सांगितलं, भांडी घासताना, हळू आवाजात.

काही शास्त्रज्ञ म्हणतात की विश्वंही अशीच असंख्य असतील, प्रत्येकाचे आकडे वेगळे, बहुतेक सगळी कोरी, आणि ज्या एखाद्याची जोडी लागली त्यात आपण. असू शकेल. ती दुसरी विश्वं आपल्याला दिसत नाहीत, आणि जे बघता येत नाही त्याच्यावर किती भार टाकायचा हे मला ठरवता येत नाही. आणि हे जे एक विश्व दिसतं, त्याचंही बघा, कडाक्याचं गार, अंधार, निर्वात, त्यात पृथ्वीच्या पाठीवरची ही पातळशी साय तेवढी राहण्याजोगी. जीवसृष्टीसाठी केलेलं घर म्हणावं तर त्यात न राहण्यासारख्या खोल्याच फार. पण तरी राहण्यासारखी एक आहे. मनूने ग्लासातला बर्फ खाली दाबला आणि तो वर आला, तसा तो सगळीकडे वर येतो, म्हणून थंड देशातली तळी वरून गोठतात आणि खाली चार अंशाच्या पाण्यात मासे हिवाळा काढतात. असं काही बघितलं की माझं सगळं तर्कशास्त्र बाजूला पडतं आणि नुसतं बरं वाटतं. कुणीतरी आकडे लावून दिलेत असं वाटतं. फक्त त्या सोलापूरच्या सिस्टरसारखे, की लावून दिले, पुढचा श्वास ज्याचा त्याने घ्यायचा, आणि तो कुणाला जमेल याचं वचन कुणालाही दिलेलं नाही.

नारळीकर सर गेल्या वर्षी, 2025 च्या मे महिन्यात गेले. शाळकरी मुलं त्यांच्याकडे सही मागायला गेली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन आणि खाली सही असेलच. कॉलेजात असताना हे ऐकलं होतं. मी एक पोस्टकार्ड आणलंही होतं, पण प्रश्न इतका मोठा वाटायचा की त्या एवढ्याशा जागेत कसा लिहायचा तेच सुचेना, आणि सुचला तर फार बाळबोध वाटायचा. नाहीच पाठवलं. ते गेल्याची बातमी आली तेव्हा मी काउंटरवर होते आणि पहिलं तेच आठवलं, कोरं पोस्टकार्ड. मनूने जे चार-पाच शब्दांत विचारलं तेच मला विचारायचं होतं खरं तर. सरांना महास्फोटाचा सिद्धांत शेवटपर्यंत पटला नाही, आपली बाजू ते एकट्यानेही मांडत राहिले, त्यामुळे त्यांनी उत्तर काय दिलं असतं याचा अंदाज करायला मी जात नाही. पण उत्तर आलं असतं, आणि मी मात्र माझ्या लेकीला बस आली म्हणून सांगितलं.

परवाच्या रविवारी कपाट आवरायला काढलं. मनू मदतीला होती, म्हणजे सगळं बाहेर काढून बघत होती. सगळ्यात खालच्या खणात तिच्या हाताला पट्टा बांधायचे तो हॉस्पिटलचा पट्टा, तिचं पहिलं झबलं, आणि एक लाल लोकरीचं टोपडं. टोपडं तिने मुठीवर चढवून बघितलं, मुठीवरसुद्धा बसेना. म्हणाली, "मी एवढी होते?" मी म्हटलं, "तू याहून लहान होतीस, हे तुला नंतर बसायला लागलं. आणि हे तुझं नाहीये, एका बाळाचं आहे." त्याची आई निघाली त्या सकाळी तिने ते माझ्या हातात दिलं होतं. त्याच्या पणजीने विणलं होतं. तुमच्या पोरीला होईल थोड्या दिवसांत, एवढंच म्हणाली होती, बांगड्या रुमालातून काढून परत हातात भरत.

मग मी मनूला सांगितलं, सगळं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. पेटीचं, आकड्यांचं, सिस्टरचं, टिचकीचं, आणि त्याचं. आणि बसस्टॉपवर मी खोटं बोलले तेही. सांगितलं की आकडे कुणी लावले ते मला माहीत नाही, मलाही विचारायचंय. ती कपाटाच्या दाराला टेकून बसली होती, टोपड्याच्या कडेचा एक निघालेला धागा बोटाला गुंडाळत, परत सोडत. बराच वेळ काही बोलली नाही.

मग तिने विचारलं, "त्याच्या पेटीवर ऑक्सिजन किती होता?"

"शेवटच्या दिवशी? तीस."

"आणि माझ्या, त्या दिवशी?"

"तीसच."

तिने मान हलवली. टोपड्याची घडी घातली, एकदा मोडली, परत नीट घातली, आणि खालच्या खणात न ठेवता वरच्या, तिच्या रोजच्या कपड्यांच्या खणात ठेवली.